आधी नाव, मग मूस

रशियनमधून मराठीत पुस्तकं आणणं हा माझा व्यवसाय. अलीकडे मल्याळममधूनही थोडंफार करते. ह्या कामात मी ज्यांचं देणं लागते त्यांत शिक्षक आहेत, संपादक आहेत, कोशकार आहेत. पण त्या सगळ्यांच्या आधी एका माणसाचं नाव येतं. सातवीपर्यंत शिकलेल्या आणि सोनं वितळवण्यात जन्म काढलेल्या ह्या माणसाला, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांना, आम्ही सगळे नाना म्हणायचो. अर्पणपत्रिकेत एक ओळ लिहून हे ऋण भागण्यातलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

सांगली-साताऱ्याच्या बाहेर 'गलाई' हा शब्द फारसा कुणाला ठाऊक नसतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, शेजारचे माण-खटाव हा सगळा टापू कमी पावसाचा. शेतीवर भागेना म्हणून इथली माणसं काही पिढ्यांपासून सोन्याचांदीच्या शुद्धीकरणात शिरली आणि देशभर पांगली. केरळात, तमिळनाडूत, आंध्रात, बंगालात, पंजाबात, जिथे म्हणून सराफकट्टा आहे तिथे एखाद्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत भट्टी पेटवून बसलेला ह्या टापूतला, विट्याकडचा माणूस भेटतो. जुना डाग, म्हणजे दागिना, वितळवायचा, त्याचा टंच, म्हणजे कस, काढायचा, हीण वेगळं करून चोख सोनं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, एवढंच त्याचं काम. सोनार दागिना घडवतो आणि गलाईवाला तो मोडतो. त्यामुळे दागिन्याचा घडलेल्या रूपातला शेवटचा दिवस बघणारा माणूस हाच.

१९७२च्या दुष्काळात गावातली जनावरं छावणीला गेली आणि मिसरूडही न फुटलेले नाना गावच्याच एका गलाईवाल्याबरोबर केरळात त्रिशूरला गेले. त्रिशूर ही केरळातली सोन्याची मोठी पेठ. सुरुवातीला केर झाडणं, कोळसा फोडणं, मूस पुसणं. पुढे स्वतःची भट्टी झाली, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांनी कोइमतूरला दुसरं दुकान टाकलं.

दुकानात एक वही असायची. तारीख, नाव, वजन, टंच हे रकाने सगळ्याच गलाईवाल्यांच्या वहीत असतात. नानांच्या वहीत वजनाच्या आधी एक रकाना जास्त होता. त्यात डागाचं नाव असायचं, तेही गिऱ्हाईक ज्या शब्दानं सांगेल त्या शब्दात, देवनागरीत. 'मोदिरम्', 'कम्मल', 'वळा', 'मिंजी', 'मेट्टी'. एकच वस्तू तीन माणसांनी तीन नावांनी सांगितली तर तीन नावं लिहिलेली. धंद्याला ह्या रकान्याचा काडीचा उपयोग नव्हता. मालाची ओळख वजनाने आणि कसाने पटते. पण नानांचा नेम असा, की डाग मुशीत टाकण्याआधी माणसाला त्याच्या भाषेत विचारायचं, ह्याला काय म्हणता?

मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आगीत गेल्यावर समदं सोनं सारखंच, पोरी. त्याच्या आदी ते काय हुतं, ते कुणीतरी लिवून ठेवाय नगो?"

विट्याला दसरा मोठा. पालख्यांच्या शर्यती असतात, आणि देशभर पांगलेले गलाईवाले त्या सुमाराला गावी परततात. आपट्याची पानं वाटून झाली की रात्री आमच्या ओट्यावर बैठक बसायची. कुणी अमृतसरहून आलेला, कुणी कोलकात्याच्या बऊबाजारातला, कुणी विजयवाड्याचा, कुणी सुरतेचा. बोलणं दुष्काळाचं, लग्नांचं, सोन्याच्या भावाचं. नाना मध्येच विचारायचे, "तुमच्याकडं आंगठीला काय म्हंत्यात रं?" सगळ्यांना ह्या प्रश्नाची सवय झालेली होती. कोलकात्याचा सांगायचा आंगटी. विजयवाड्याचा उंगरम, हुबळीचा उंगुर. सुरतेचा म्हणायचा वींटी. अमृतसरवाल्याकडे दोन शब्द होते, मुंदरी आणि छाप. मी पायरीवर बसून ऐकायची. शाळेत भूगोलाच्या नकाशावर राज्यं रंगवली होती, पण ती बोलतात हे मला त्या ओट्यावर कळलं.

त्यातला सुरतेचा शब्द नानांना सर्वांत जवळचा वाटे. गुजरातीत वींटवुं म्हणजे गुंडाळणं, वेढणं, आणि वींटी म्हणजे वेढलेली. आपल्याकडेही कलाकुसर नसलेल्या, चोख सोन्याच्या तारेचे वेढे घालून केलेल्या अंगठीला वेढणं म्हणतात. लग्नामुंजीत आहेर म्हणून, अडीनडीला मोडता यावं म्हणून घेतात. नाना म्हणायचे, डागात डाग वेढण्याचा. टाका नाही, लाख नाही, खडा नाही, मोडताना तूट येत नाही.

पुढे कॉलेजात संस्कृत घेतलं तेव्हा अमरकोशात अंगठीला दोन शब्द सापडले. एक अंगुलीयक, म्हणजे बोटातलं. दुसरा ऊर्मिका. ऊर्मी म्हणजे लाट, तर ऊर्मिका म्हणजे लहानशी लाट. सुट्टीत मी हे नानांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. तांब्याच्या तारेचा एक तुकडा घेतला, तापवला, चिमट्याच्या गोल टोकाभोवती वळवायला लागले. तार एकदम गोल होत नाही. आधी ती वर उचलली जाते, बाक धरते, मग पुढे झुकून खाली येते. त्या उचललेल्या बाकावर बोट ठेवून म्हणाले, "ही बग लाट. ज्यानं हे नाव ठेवलं त्यो सोनाराच्या दुकानात बसलेला असणार." अमरकोशावर मी त्यानंतर पुष्कळ वाचलं, पण ह्या तारेइतकं डोळ्यांसमोर उभं करणारं भाष्य मला मिळालेलं नाही.

एका मे महिन्यात काकूंबरोबर मी त्रिशूरला गेले होते. दुकान लहान, उन्हाळा त्रिशूरचा, आणि आत भट्टी. सोनं १०६४ अंशांना वितळतं, तेव्हा खोलीत काय होत असेल त्याची कल्पना करावी. चोख करायचं सोनं आधी तिप्पट चांदीत वितळवायचे, पातळ धारेनं पाण्यात ओतायचे, त्याचे दाणे होत. ते दाणे तेजाबात उकळले की चांदी-तांबं विरघळून जाई आणि तळाशी तपकिरी पूड राही. तेच चोख सोनं. पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही, कारण त्या पुडीला झळाळी नसते. ती धुऊन टाकणखार घालून पुन्हा आटवली की मग लगड पिवळी होते. तेजाबाने नानांच्या बोटांची टोकं कायमची पिवळट झालेली होती. त्यांच्या हातात मी कधी अंगठी पाहिली नाही. भट्टीवरच्या माणसाला ती घालताच येत नाही.

एके दिवशी दुपारी एक ख्रिस्ती बाई आल्या. केरळातल्या ख्रिस्ती लग्नात नवऱ्याच्या अंगठीत आतल्या बाजूला बायकोचं नाव कोरतात आणि बायकोच्या अंगठीत नवऱ्याचं. बाईंनी नवऱ्याची अंगठी आणली होती, आत त्यांचंच नाव. नवरा गेलेला होता, मुलाच्या फीचा प्रश्न होता. नानांनी विचारलं, काय म्हणता ह्याला? बाई म्हणाल्या, मोदिरम्. नानांनी लिहिलं. वजन केलं, अर्ध्या पवनाला थोडं कमी भरलं. तिकडे तोळा चालत नाही. पवन म्हणजे आठ ग्रॅम, आणि लग्नातल्या सोन्याची बोलणी पवनात होतात.

मग कातरीनं अंगठी एका जागी कापली, ऐरणीवर ठेवून हलक्या हातानं सरळ केली. चिंचोळी पट्टी झाली, वर चार-पाच मल्याळम अक्षरं. बाहेरची बाजू झिजून गुळगुळीत झाली होती, पण नाव आत असल्यामुळे स्वच्छ राहिलेलं. नानांनी लाखेचा गोळा ऊन करून पाटीवर थापला आणि पट्टी त्यावर दाबली. अक्षरं उमटली, पण उलटी. त्यांनी भिंतीवरचा लहान आरसा काढून शेजारी धरला, आरशात नाव सुलटं झालं, आणि ते नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं. बाईंनी मान हलवली. लाखेचा तो तुकडा नानांनी कागदात बांधून त्यांच्या हातात दिला आणि मग पट्टी मुशीत टाकली.

नाना मल्याळम वाचायला कुठे शिकले हे मला त्या दिवशी कळलं. त्यांना कुणी मुळाक्षरं गिरवायला दिली नव्हती. अंगठ्यांच्या आत कोरलेली नावं लावून लावून ते वाचायला लागले. आधी गिऱ्हाइकाचं नाव विचारायचं, मग ते अक्षरांशी ताडून बघायचं. त्या जोरावर पुढे ते दुकानांच्या पाट्या वाचू लागले, मग पेपर. त्याच सुट्टीत त्यांनी मला रशियन गोष्टींचं एक चित्रमय पुस्तक आणून दिलं. सोव्हिएत काळात तसली पुस्तकं केरळात फार स्वस्त मिळत. पुस्तक मल्याळममध्ये होतं. रात्री नाना एकेक ओळ वाचायचे आणि आमच्या खानापुरी मराठीत सांगायचे. त्यातला लांडगासुद्धा 'आरं', 'व्हय' करायचा. रशियन गोष्ट मल्याळममधून माझ्यापर्यंत मराठीत आली. भाषांतर म्हणजे काय हे त्यानंतर मला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

लाखेवरच्या उलट्या अक्षरांविषयी ते जे म्हणाले तेही महत्त्वाचं होतं. "शिक्का असता तर नाव उलटं कोरलं असतं, म्हंजी दाबल्यावर सुलटं उमटतंय. ह्ये वाचायचं नाव हाय, उमटवायचं न्हवं." अंगठीच्या शब्दांचं एक मोठं घराणं नेमकं ह्या उमटवण्यातून आलेलं आहे. अमरकोशकारानं अक्षरं असलेल्या अंगठीला वेगळं नाव दिलं, अंगुलिमुद्रा. मुद्रा म्हणजे ठसा, आणि ठसा उमटवणारी अंगठी ती मुद्रिका. पंजाब्यांची मुंदरी आणि गोव्याच्या कोंकणीतली मुदी ह्याच घरातल्या. पुढे छपाईची कला आली तेव्हा मराठीनं तोच शब्द उचलून मुद्रण, मुद्रक, मुद्रणालय केलं. पंजाबीत छाप म्हणजे ठसाही आणि अंगठीही, आणि आपला छापखाना त्याच शब्दातला. अरबीत अंगठीला खातम म्हणतात, तिचाही मूळ अर्थ मोहोर. पत्र लिहून झालं की शेवटी मोहोर, म्हणून खत्म म्हणजे शेवट. आपण 'काम खतम' म्हणतो तेव्हा ह्याच घरातला शब्द वापरतो. शिवकाळातल्या-पेशवाईतल्या कागदांच्या अखेरीसही मोर्तब असायचं, त्याशिवाय कागद पुरा झाला असं मानत नसत.

अंगठीवरून माणूस ओळखला जातो ह्यावर तर केवढं वाङ्मय उभं आहे. रामाच्या नावाची मुद्रिका बघून सीतेचा मारुतीवर विश्वास बसला. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त अमात्य राक्षसाची अंगठी चाणक्याच्या हाती लागते आणि तिथून सगळी चक्रं फिरतात. 'शाकुंतल' मी नानांना पुरं सांगितलं होतं. दुष्यंत-शकुंतलेचं प्रेम त्यांनी शांतपणे ऐकलं. सहाव्या अंकाच्या आरंभी रोहित माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडलेला कोळी येतो, दोन शिपाई त्याला बांधून मारत नेतात, चोर म्हणून मरणाच्या गोष्टी करतात. इथे नाना सरसावून बसले. मी पुढचं सांगितलं, की राजाला खूण पटली, कोळी सुटला, अंगठीच्या किमतीइतकं द्रव्य त्याला मिळालं.

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ज्यानं ह्ये लिवलं त्येला ठावं हुतं. सोनं गरिबाच्या हातात दिसलं की पयला इचार चोरीचाच येतोय."

ह्यामागे त्यांचं आयुष्य होतं. कुठेतरी चोरी झाली की चौकशी गलाईवाल्याकडे येते. परमुलूख, परकी भाषा, आणि हातात दुसऱ्याचं सोनं. ती वही त्यांनी इतक्या काटेकोरपणे राखली ह्याला हेही एक कारण असणार. शाकुंतलावर मी विद्वानांचे ग्रंथ वाचले आहेत, त्यांत बहुतेकांनी तो प्रवेश हलकाफुलका विनोद म्हणून बाजूला ठेवलेला दिसतो. मला तो तसा वाचता येत नाही, आणि त्याचं श्रेय नानांचं. हिरोडोटसनं सांगितलेली सामोसच्या पॉलिक्रटीझची गोष्टही अशीच माशाची आहे. फार सुख बरं नव्हे म्हणून राजा आपली पाचूची अंगठी समुद्रात टाकतो आणि ती माशाच्या पोटातून त्याच्याच ताटात परत येते. तिथला कोळी मात्र मासा भेट म्हणून देतो आणि सन्मानानं राजाच्या पंक्तीला बसतो. नानांना मी दोन्ही सांगितल्या. त्यांनी कालिदासाचा कोळी खरा मानला.

बारावीनंतर पुण्यात जाऊन परकी भाषा शिकायची असं मी म्हटलं तेव्हा घरात कुणाला ते पटलं नाही. मुलीनं डी.एड. करावं, जवळ नोकरी लागेल, हे वडिलांचं म्हणणं, आणि त्या दिवसांत ते चुकीचं होतं असंही नाही. नानांनी त्रिशूरहून पत्र पाठवलं, खर्च माझा. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी रशियन घेतलं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनीऑर्डर यायची. खालच्या चिठोऱ्यात खुशालीची एक ओळ आणि बऱ्याचदा एखादा प्रश्न. पहिल्या वर्षीच आला, "रशियात आंगठीस काय म्हणतात ते कळवणे."

मी कळवलं. रशियनमध्ये दोन शब्द आहेत. साधं गोल कडं ते कल्त्सो, चाकाच्या जुन्या शब्दावरून आलेलं. आणि खड्याची, भारदस्त अंगठी ती पेर्स्तिन, बोटाच्या जुन्या शब्दावरून. लग्नाची अंगठी कल्त्सोच असते. पोलिश लोकही असाच भेद करतात. उलट टपाली नानांचं उत्तर आलं, की हा भेद खरा आहे. खड्याची अंगठी त्यांच्याकडे आली की कोंदण उकलावं लागे, खड्याखालची लाख काढावी लागे, मग उरे ते सोन्याचं वजन. साध्या वेढ्याचं तसं नाही. दोन्हींना एकच नाव देणारे लोक सोनं नीट बघत नसावेत, असं त्यांनी लिहिलं होतं. मराठीत मात्र हा भेद आहे, म्हणून शेवटी एक ओळ जोडलेली: "आपल्याकडे वेढणे व अंगठी वेगळे आहे हे बरे आहे."

आपली अंगठी मुळात अंगठ्यावरून आली. संस्कृतातला अंगुष्ठ म्हणजे अंगठा, त्याचाच फारसीतला भाऊ अंगुश्त, पण तिथे त्याचा अर्थ बोट, आणि अंगठी म्हणजे अंगुश्तर. ग्रीकांचंही बोटावरूनच. आता अंगठी अंगठ्यात क्वचितच असते, ती जाते अनामिकेत, ज्या बोटाला नाव नाही त्यात. रशियनमध्येही हे बोट 'बिनानावाचं' आहे, चिनीत तसंच, फिनिशमध्येही तसंच. कवींची गणना करताना करंगळीवर कालिदास मोजला आणि पुढच्या बोटाला त्याच्या तोडीचा कवीच मिळेना, म्हणून ते अनामिका, ही आपल्याकडची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. रोमन लोकांत समज होता की ह्या बोटातून एक नाडी थेट हृदयाला जाते. ऑलस गेलियसनं तो मिसर देशातल्या लोकांचा म्हणून नोंदवला आहे.

नानांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते वजनकाट्यावर बसलेलं होतं. तर्जनीतल्या अंगठ्या लवकर झिजतात, मधल्या बोटातल्या त्याहून थोड्या कमी, अनामिकेतल्या सर्वांत कमी, कारण ते बोट एकटं फारसं काम करत नाही. बावीस कॅरटचं सोनं मऊ असतं, भांडी घासणाऱ्या, विळ्यानं गवत कापणाऱ्या हातात ते वर्षानुवर्षं कणाकणानं जातं. बाया म्हणत, घेतली तेव्हा एवढी होती, आता एवढीच कशी? नाना त्यांना त्यांच्या भाषेत झीज समजावून सांगत. ज्या बायांच्या अंगठ्या फार झिजलेल्या असत त्यांच्याशी ते अधिक आदरानं बोलत, हे मी पाहिलेलं आहे.

पितृपक्षात आपण अनामिकेत दर्भाचं पवित्रक घालतो. उत्तर केरळात पय्यन्नूरला त्याच पवित्रकाची सोन्याची अंगठी घडवतात, पवित्र मोदिरम्. दर्भाची गाठ सोन्यात आणलेली, आणि घडवणारा कारागीर व्रतस्थ राहून काम करतो अशी तिथली रीत. अशी एक अंगठी मोडायला आली तेव्हा नानांनी ती आणणाऱ्याला विचारलं, हे तुमच्याकडे कोण घालतं, केव्हा घालतं? तासभर दोघं बोलत बसले, एकानं त्याच्याकडची रीत सांगितली, एकानं आपल्याकडची. अखेर तो माणूस अंगठी न मोडताच परत गेला. धंदा बुडाला, पण वहीत त्या दिवशी वजनाचा रकाना रिकामा ठेवून नाव तेवढं लिहिलेलं आहे.

पायातल्या कड्यांची नावं त्यांना जड जात. आपल्याकडे जोडवी, मासोळ्या. हिंदीत बिछुआ, म्हणजे विंचवाच्या नावानं. कानडीत कालुंगुर, पायातला उंगुर. तमिळमध्ये मेट्टी आणि मिंजी. कितीतरी बाया जोडवी घेऊन येत ती नवरा गेल्यावर. चांदी ती, किंमत थोडी. नाना म्हणत, आणखी काही दिवस राहू द्या, घाई नाही. बोटातल्या अंगठीला वैधव्य नाही आणि पायातल्या कड्याला का, हा प्रश्न त्यांनी ओट्यावरच्या त्या बैठकीतही काढला होता, आणि चार म्हाताऱ्यांनी मान फिरवली होती. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांचं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची, जोडवी काढण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ती बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही ह्याचं मला वाईट वाटतं. त्याच्या आधीच ते गेले. तेजाबाच्या धुरात काढलेल्या आयुष्यानं छाती पोखरली होती. त्या काळात धूर ओढून घेणारी यंत्रं नव्हती, तोंडाला ओला रुमाल बांधला की झालं, अशी पद्धत. ज्या धुरानं त्यांचा श्वास घेतला त्याच धुरातून माझ्या शिक्षणाचा पैसा आला, हे मला विसरून चालणार नाही.

ते गेल्यावर जे शब्द मला मिळाले ते त्यांना सांगायचे राहिले. इटालियनमध्ये लग्नाच्या अंगठीला फेदे म्हणतात, म्हणजे निष्ठा. फ्रेंचमध्ये ती आलियांस, म्हणजे सोयरीक, तह. नुसती शोभेची असेल तर बाग. चिनी जिए-झ शब्दात 'जिए' म्हणजे सावध करणं, आवरणं, आणि 'झ' म्हणजे बोट. आयरिश शब्द फॉन्या सर्वांत जास्त सांगावासा वाटला. आयर्लंडमध्ये ह्याच नावाचं लहान कडं लोक कोटाच्या कॉलरला लावतात, आणि त्याचा अर्थ, माझ्याशी आयरिशमध्ये बोला. नानांनी असलं कडं छातीला लावायचं ठरवलं असतं तर किती भाषांची लावली असती कोण जाणे.

वह्या आता माझ्याकडे आहेत. सुरुवातीच्या वह्यांत वजनं गुंज-माशात, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, पुढे सगळी ग्रॅमवर आलेली. डागांचा रकाना मात्र शेवटपर्यंत एकसारखा. मी तो सगळा कार्डांवर उतरवते आहे, भाषावार, आणि जिथे नानांनी ऐकून लिहिलेला उच्चार आजच्या कोशाशी जुळत नाही तिथे त्यांचाच ठेवते, कारण तो त्या दिवशी त्या बाईनं तसा उच्चारलेला आहे.

कोइमतूरचं दुकान त्यांचा मुलगा चालवतो. कोळशाची भट्टी गेली, विजेची आली. टंच काढायला यंत्र आहे, त्यातून निघणाऱ्या पावतीवर प्रत्येक अंगठीपुढे एकच छापील इंग्रजी शब्द येतो. २०२१पासून हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला तसा हिशेबही बदलला. मी त्याला म्हटलं, तुझ्या यंत्राला हरकत नाही, पण एक वही ठेव. त्यानं ठेवली. तो आठवड्याला पानाचा फोटो पाठवतो. परवाच्या पानावर दुकानात नव्यानं लागलेल्या ओडिशाच्या कारागिराचा शब्द होता, मुदी. मी लगेच फोन केला. पश्चिम किनाऱ्यावर गोव्याची बाई जो शब्द वापरते तोच पूर्वेच्या किनाऱ्यावर ओडिया माणूस वापरतो, मधल्या एवढ्या मोठ्या मुलखाला सोडून. "आक्का, मग जोडव्याला काय म्हणतो ते विचारू का?" तो म्हणाला. फोन कानाला तसाच ठेवून त्यानं कारागिराला हाक मारली, मागे भट्टीचा आवाज येत होता, आणि उत्तर मला थेटच ऐकू आलं: झुंटिया. मी त्याला सांगितलं, आधी वहीत लिही.